विश्वासाने तारण, तर मग बाप्तिस्मा कशाला?

चेंदणीकर
मासुंदा तलावाजवळच्या आपल्या चर्चला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे नाव आहे, म्हणून ठाणेकरांनाच विचारतो. माझ्या मते बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, ही आज्ञा आहे, तारणाची (पापातून सुटकेची) अट नाही. बायबलमधले इफिसकरांस पत्र २:८-९ म्हणते, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. येशूशेजारी क्रुसावर मरताना ज्याला त्याने सुखलोकाचे वचन दिले, त्या चोराला पाणी कुठे मिळाले? रोमी अधिकारी कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला, बाप्तिस्मा मागाहून झाला (प्रेषितांची कृत्ये, म्हणजे प्रे. कृत्ये, १०).

जांभळीनाका
चोराचा दाखला चालणार नाही. सर्व राष्ट्रांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा (मत्तय २८:१९) पुनरुत्थानानंतरची आहे. कर्नेल्याचा प्रसंग शेवटपर्यंत वाचा: आत्मा उतरल्यावरही येशूचा शिष्य पेत्र पाणी टाळत नाही, बाप्तिस्मा घ्यायलाच सांगतो. आणि बाप्तिस्मा हे माणसाचे कर्म कसे? तो स्वतःच स्वतःला देता येत नाही, घ्यावाच लागतो. 'केवळ विश्वासाने' म्हणणाऱ्या लुथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीतही (त्यांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यातही), नवव्या कलमात, तो तारणासाठी आवश्यक म्हटला आहे.

वाशीकर
चेंदणीकरांशी सहमत. प्रे. कृत्ये २:३८ मध्ये पेत्र 'पापांच्या क्षमेसाठी' बाप्तिस्मा घ्या म्हणतो; त्यातल्या 'साठी'चा मूळ ग्रीक शब्द 'एइस'. मत्तय १२:४१ मध्ये तोच शब्द 'योनाच्या उपदेशावरून' अशा अर्थाने येतो. म्हणजे क्षमा झाली म्हणून बाप्तिस्मा. 'विश्वास धरून बाप्तिस्मा घेणारा तरेल' म्हणणाऱ्या मार्क १६:१६ वरही सगळा भार टाकू नका. १६:९-२० हा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाही.

जांभळीनाका
मार्कबद्दल मान्य. पण 'एइस'चे तसे नाही. 'पापांच्या क्षमेसाठी'चे तीनही मूळ ग्रीक शब्द मत्तय २६:२८ मध्ये आहेत, येशूच्या रक्ताबद्दल. तिथे 'क्षमा आधीच झाली म्हणून रक्त सांडले' असा अर्थ लावाल का?

कोपरीकर
कॅथलिक शिकवण सांगतो, कारण ती अर्धवट ऐकली जाते. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आवश्यक आहे, पण देव संस्कारांना बांधलेला नाही. तयारी चालू असताना मरण आले तर 'इच्छेचा बाप्तिस्मा' मानतात, विश्वासासाठी मारले गेल्यास 'रक्ताचा'. बाळ अत्यवस्थ असेल तर कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा, चर्चच्या हेतूने तो देऊ शकते. साधे पाणी डोक्यावर तीनदा ओतायचे आणि ओततानाच म्हणायचे: 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.' चुका इथेच होतात. पाणी टोपीवर किंवा नुसत्या केसांवर राहते, कातडीवरून वाहत नाही. एक जण ओततो, दुसराच शब्द म्हणतो. 'आम्ही देतो' म्हटलेले तर रोमने (व्हॅटिकनने) २०२० मध्ये अवैध ठरवले. तेल, मेणबत्ती, पांढरे वस्त्र नंतर चालते. बाळ वाचले तर पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) नोंदवहीत नोंद करा. पाणी पुन्हा ओतायचे नाही.

चेंदणीकर
मत्तय २६:२८ चा मुद्दा भक्कम आहे, मानतो. पण कोपरीकर, पाण्याविना इच्छा पुरते असे तुम्हीच म्हणता. ती इच्छा म्हणजे विश्वासच ना?

कोपरीकर
विश्वासच, पण पाण्याकडे निघालेला. पाणी समोर असताना नको म्हणणाऱ्याला ती सवलत नाही.