हुलग्याच्या माडग्यासाठी मदत हवी आहे

माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं. कमी पावसातही हुलगा म्हणजे कुळीथ यायचा, म्हणून थंडीत सर्दी झाली की आजी त्याच्या पिठाचं, पेजेसारखं गुळाचं माडगं करायची. जर्मनच्या पातेल्यात रटरटणारं, सुंठीच्या वासाचं. वाटीच्या कडेला चिकटलेलं मी बोटानं पुसून खायचे. लग्न होऊन सांगलीत आले नि ते सुटलंच. आता विचारायला आईही नाही.

परवा करून पाहिलं. हुलगे भाजून मिक्सरवर दळले, 2 चमचे पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या गुळपाण्यात सोडलं. गुठळ्या झाल्या नाहीत, पण फार उग्र आणि कच्चट लागलं. हुलगे नेमके किती भाजायचे? टरफलं पाखडून काढायची का? माणदेशातल्या ताई-मावश्यांनो, जरा सविस्तर सांगा ना.