कॅलहन यांनी १९७८च्या ऑक्टोबरमध्ये निवडणूक घ्यायला हवी होती का?

भीमाकाठ

७ सप्टेंबर १९७८. मजूर पक्षाचे पंतप्रधान जेम्स कॅलहन दूरचित्रवाणीवर आले तेव्हा सगळा ब्रिटन निवडणुकीची तारीख ऐकायला बसला होता. यंदा निवडणूक नाही, असं सांगून ते मोकळे झाले. माझ्या मते युद्धानंतरच्या कुठल्याही ब्रिटिश पंतप्रधानाची ही सर्वांत महागात पडलेली चूक. पंतप्रधान ईडन यांच्या १९५६च्या सुएझ कालव्यावरच्या हल्ल्यापेक्षाही महागात पडलेली. सुएझनंतर ईडन गेले, पण त्यांचा हुजूर पक्ष १९५९ मध्ये १०० जागांच्या बहुमताने परत आला. कॅलहन यांच्या चुकीनंतर मजूर पक्ष १८ वर्षं सत्तेबाहेर राहिला.

त्या संसदेचं गणित आधी सांगतो. १९७४च्या ऑक्टोबरमध्ये मजूर पक्षाचे विल्सन जिंकले ते अवघ्या ३ जागांच्या बहुमताने, आणि पोटनिवडणुकांत तेही गेलं. १९७६ मध्ये विल्सन यांनी अचानक राजीनामा दिला, कॅलहन आले, आणि पौंड इतका घसरला की नाणेनिधीकडून ३९० कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. १९७७ मध्ये लिबरल पक्षाशी करार करून सरकार कसंबसं तगलं. पण १९७८ पर्यंत दिवस पालटले होते. १९७५ मध्ये २४ टक्के असलेली महागाई ८ टक्क्यांच्या आसपास आली होती, पौंड सावरला होता, उत्तर समुद्रातलं तेल येऊ लागलं होतं. स्वतः कॅलहन हुजूर पक्षाच्या नेत्या थॅचरबाईंपेक्षा लोकप्रिय होते. उलट लिबरल पक्षाबरोबरचा करार संपला होता, म्हणजे इथून पुढे प्रत्येक ठरावाला एकेक मत मोजायची वेळ येणार होती. मग थांबायचं कशासाठी?

पुन्हा त्रिशंकू संसद येईल ही त्यांची भीती. ती समजू शकते. पण अर्थ, गृह, परराष्ट्र आणि पंतप्रधान ही चारही पदं सांभाळलेला हा आजवरचा एकमेव माणूस. उमेदवारीत प्राप्तिकर खात्यात कारकून, मग त्याच खात्याच्या कर्मचारी संघटनेचा पदाधिकारी. तीन वर्षं पगार रोखून धरलेल्या माणसांना चौथ्या वर्षी ५ टक्के पगारवाढीच्या सरकारी मर्यादेवर गप्प बसवता येत नाही, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरी संघटनांचे पुढारी सांगत होतेच, निवडणूक आत्ता घ्या. ब्रायटनला कामगार संघटनांच्या अधिवेशनात कॅलहन यांनी त्यांच्यासमोर चर्चच्या दारात ताटकळलेल्या नवरीच्या जुन्या गाण्याची ओळ म्हणून दाखवली. अनेकांना वाटलं, नवरी म्हणजे थॅचरबाई. दोन दिवसांनी कळलं की ताटकळत आपल्यालाच ठेवलं होतं.

ते ऑक्टोबरमध्ये जिंकले असते तर थॅचरबाईंचं काय झालं असतं? १९७४च्या दोन पराभवांनंतर हुजूर पक्षाने माजी पंतप्रधान हीथ यांना नेतेपदावरून काढलं. तेच हीथ १९७८च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच्याच पक्षाच्या अधिवेशनात मजूर सरकारच्या वेतनधोरणाची बाजू घेत होते. म्हणजे बाईंच्या विरोधातला गट पक्षात जिवंत होता. एक पराभव आणि पुढचं सगळं बदललं असतं.

गिरणगावकर

पूर्ण असहमत. तारखेला दोष देऊ नका, दोष ५ या आकड्याचा आहे.

समजा, कॅलहन ऑक्टोबरमध्ये जिंकले. पुढे काय? ५ टक्के तसेच. फोर्डचे कामगार सप्टेंबरमध्येच संपावर गेले होते आणि नोव्हेंबरमध्ये १७ टक्के घेऊन कामावर परतले. मर्यादा मोडली म्हणून सरकार फोर्डला शिक्षा करायला निघालं, तर डिसेंबरमध्ये संसदेनेच ते अडवलं. खासगी मोटार कारखान्यात १७ टक्के, आणि सरकारी इस्पितळातल्या वॉर्डबॉयला ५? हा हिशोब कुठला कामगार मान्य करेल? जानेवारीत ट्रकचालक गेले, २२ जानेवारीला सरकारी आणि पालिकांचे सुमारे १५ लाख लोक बाहेर पडले. शाळांतल्या स्वयंपाकिणी, झाडूवाले, रुग्णवाहिका चालवणारे. मागणी काय होती? आठवड्याला किमान ६० पौंड. ही चैन नव्हती.

निवडणूक झाली असती तरी तोच हिवाळा आला असता. फरक इतकाच, की तो नव्याने निवडून आलेल्या मजूर सरकारच्या अंगावर आला असता आणि पक्ष आणखी वाईट तऱ्हेने फुटला असता. लिव्हरपूलला प्रेतं पुरायची राहिली, लंडनच्या लेस्टर चौकात कचऱ्याचे ढीग साचले, हे सगळे सांगतात. त्या कामगारांच्या घरी किती पैसे येत होते हे कुणी सांगत नाही.

सांजवारा

तुम्ही दोघंही १९७८ मध्ये अडकला आहात. १९६९ पासून सुरुवात करा.

विल्सन यांच्या मंत्रिमंडळात बार्बरा कासल यांनी संघटनांना शिस्त लावणारी श्वेतपत्रिका आणली होती. काही संपांआधी कामगारांचं मतदान, अचानक पुकारलेल्या संपावर २८ दिवसांची स्थगिती. आजच्या मापाने अगदी सौम्य. तिला आतून सुरुंग कुणी लावला? गृहमंत्री कॅलहन यांनी. मंत्रिमंडळात विरोध केलाच, वर पक्षाच्या कार्यकारिणीत आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं. जूनमध्ये विल्सन यांनी माघार घेतली.

मग हीथ आले, १९७१ मध्ये कायदा केला, तो संघटनांनी मोडून काढला. १९७२ मध्ये संपांत २ कोटी ३९ लाख कामाचे दिवस बुडाले. १९७४च्या सुरुवातीला खाणकामगारांमुळे वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवावे लागले. राज्य कोण करतं, हा प्रश्न घेऊन हीथ फेब्रुवारीत लोकांपुढे गेले. मतं हुजूर पक्षाला जास्त मिळाली, जागा मात्र २९७ विरुद्ध ३०१. दोन्ही पक्षांच्या पंतप्रधानांनी हात पोळून घेतले होते. १९६९ मध्ये कासलबाईंचं ऐकलं असतं तर थॅचरबाईंची गरज पडली नसती. दहा वर्षांनी कॅलहन यांनी भोगलं ते स्वतःच्याच मताचं फळ. म्हणून मला त्यांच्याबद्दल फार हळहळ वाटत नाही.

लीड्सकर

त्या हिवाळ्यात मी अकरा वर्षांची होते. वडील यॉर्कशायरमधल्या एका सरकारी इस्पितळात डॉक्टर, १९६०च्या दशकात मुंबईहून आलेले. जानेवारीच्या अखेरीस तिथे फक्त तातडीचे रुग्ण घेत होते. बाबा चिडचिडे होऊन घरी यायचे. ऑपरेशनच्या तारखा पुढे ढकललेल्या बायका फोन करायच्या आणि त्यांना सांगायला उत्तर नसायचं. पण ते कधी वॉर्डबॉयवर चिडले नाहीत. म्हणायचे, मी रात्री दोनला बोलावलं तर स्ट्रेचर घेऊन तोच येतो, आणि महिनाअखेरीला माझ्याकडे उसने मागायलाही तोच येतो.

म्हणून गिरणगावकरांशी बरीच सहमत. पण सांजवारा, तुमचंही एक खरं आहे. इस्पितळाच्या दारात उभं राहून कुठला रुग्ण आत जाईल हे संपवाल्यांनी ठरवायचं, हे बाबांसारख्या आयुष्यभर मजूर पक्षाला मत देणाऱ्या माणसालाही सहन झालं नाही. १९७९ च्या मे महिन्यात त्यांनी कुणाला मत दिलं हे त्यांनी आईलाही सांगितलं नाही.

आणखी एक. आमच्या घरात कॅलहन हे नाव आदराने घेतलं जात नसे, आणि त्याचं कारण १९७८ नव्हतं. १९६८ मध्ये केनियातले हजारो भारतीय ब्रिटिश पासपोर्ट हातात घेऊन येत होते. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी ब्रिटनमध्ये जन्मलेलं नसेल तर त्या पासपोर्टवर थेट प्रवेश नाही, असा कायदा आठवड्याच्या आत संमत करून घेतला तो गृहमंत्री कॅलहन यांनी. उलट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या हजारो लोकांना पक्षातल्यांचा राग पत्करून घेतलं ते हुजूर पक्षाच्या हीथ यांनी. हुजूर आणि मजूर या शब्दांवरून कोण आपला ते ठरवू नका.

भीमाकाठ

लीड्सकर, १९६८चं मी लिहायला हवं होतं. त्याचं समर्थन करता येत नाही, करतही नाही.

सांजवारा, कॅलहन १९६९ मध्ये चुकले हे मान्य. पण म्हणून १९७८चा निर्णय बरोबर ठरत नाही. गिरणगावकर, तुमचा मुद्दा जास्त अवघड आहे. मला वाटतं, ताजा जनादेश असलेल्या पंतप्रधानाला १० टक्क्यांवर यायला जागा असते. मुदत संपत आलेल्या सरकारला नसते, कारण तिथे प्रत्येक तडजोड शरणागती दिसते. आणि लोक तेव्हा त्यांच्या विरोधात गेलेले नव्हते. २६ ऑक्टोबरला स्कॉटलंडमध्ये बेरिकची पोटनिवडणूक झाली, ती मजूर पक्षाने वाढीव मताधिक्याने राखली. सत्तेवरच्या पक्षाला असं सहसा जमत नाही.

सांजवारा

एका पोटनिवडणुकीवर इतका मोठा इमला? १९७९ मध्ये हुजूर पक्षाला ३३९ जागा आणि जवळपास ४४ टक्के मतं मिळाली. ती नुसत्या कचऱ्याच्या ढिगांनी मिळत नाहीत. खुद्द कॅलहन त्या प्रचारात आपल्या सल्लागाराला म्हणाले होते की तीसेक वर्षांतून एकदा राजकारणाचा प्रवाहच बदलतो, मग तुम्ही काहीही करा. त्यांना कळलं होतं ते तुम्हाला का पटत नाही?

गिरणगावकर

प्रवाह बदलला म्हणे. १९७८च्या ऑगस्टमध्ये हुजूर पक्षाने बेकारांच्या लांबलचक रांगेचं पोस्टर लावलं तेव्हा बेकार १५ लाखांच्या आसपास होते. १९८२च्या जानेवारीत, थॅचरबाईंच्या राज्यात, ते ३० लाखांवर गेले. हे प्रवाहाने केलं नाही, धोरणाने केलं.

भीमाकाठ

सांजवारा, ते वाक्य मला ठाऊक आहे. हरत आलेल्या माणसाने स्वतःची समजूत घातली असं मी ते वाचतो.

२८ मार्च १९७९ बघा. १ मार्चला स्कॉटलंडच्या स्वतःच्या विधानसभेसाठी झालेल्या जनमतात ५१.६ टक्क्यांनी होकार दिला, पण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट होती, ती पुरी झाली नाही, आणि स्कॉटिश राष्ट्रवादी सरकारविरुद्ध गेले. अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० मतांनी मंजूर झाला. मजूर पक्षाचे अल्फ्रेड ब्रॉटन यॉर्कशायरमध्ये अंथरुणाला खिळलेले होते, यायला तयार होते. प्रवासात ते दगावतील असं डॉक्टर म्हणत होते, म्हणून कॅलहन यांनी त्यांना आणू दिलं नाही. बरोबरी झाली असती तर अध्यक्षांचं मत प्रथेप्रमाणे सरकारच्या बाजूने पडलं असतं. पाच दिवसांनी ब्रॉटन वारले.

लीड्सकर

बाबा त्या एका गोष्टीसाठी त्यांना मानायचे. डॉक्टर होते ना. म्हणायचे, आजारी माणसाला हलवायचं नाही म्हटलं की नाही.