कविता न वाचणाऱ्या माणसाला कविता कोठे भेटते?

प्रश्न

शाळा संपल्यापासून मी कवितेचे पुस्तक हाती घेतलेले नाही, आणि कवितेशी आपला काही संबंध नाही असेच इतकी वर्षे मानत आलो. गेल्या महिन्यात एका मित्राचे वडील गेले. त्याला चार ओळी लिहायला बसलो तेव्हा नेहमीची सांत्वनाची वाक्ये पोकळ वाटू लागली, म्हणून शाळेत पाठ केलेल्या एका कवितेच्या दोन ओळी तेवढ्या लिहून पाठवल्या. आलेल्या सगळ्या संदेशांपैकी तोच लक्षात राहिला, असे त्याने नंतर सांगितले. त्या ओळींना यमकही नव्हते. मग कविता म्हणजे नेमके काय, आणि पुस्तकाबाहेर ती आपल्याला कोठे भेटते?

प्रतिसाद १

चौदाव्या शतकात विश्वनाथ या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात काव्याची व्याख्या ‘वाक्यं रसात्मकं काव्यम्’ अशी केली आहे. म्हणजे ज्याचा प्राण रस, अर्थात भावनेचा आस्वाद, आहे असे वाक्य ते काव्य. या व्याख्येत यमक नाही आणि वृत्तही नाही, तेव्हा आपली शंका रास्त आहे.

मी स्वतः एक साधी कसोटी लावतो: शब्द बदलून पाहावेत. ‘घरात एकटेपणा जाणवतो’ हे वाक्य दहा प्रकारे फिरवले तरी काही बिघडत नाही. पण ‘घर खायला उठते’ यातला एक शब्द हलवला तर सगळेच कोसळते. निर्जीव भिंती उठून अंगावर येतात ही कल्पना कोणाला तरी प्रथम सुचली असेल, आणि आज ती कवितेची पुस्तके न उघडणाऱ्यांच्या तोंडीही सहज येते. जीव टांगणीला लागतो, उन्हे उतरतात, निरोप घेताना पाय निघत नाही. असे बोलताना आपण कवितेतच बोलत असतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात नादाचा विचार राहून गेला आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण मोजून पाहावी: दोन-दोन अक्षरांचे चार शब्द, एकूण आठ अक्षरे. ‘लहान अभंग’ या छंदाच्या एका चरणातही साधारणपणे आठच अक्षरे असतात. ही म्हण कोणी मुद्दाम पाठ करत नाही, तरी ती विसरली जात नाही, याचे श्रेय अर्थाइतकेच या मापाला आहे. मजकूर लिहून ठेवण्याची सोय नव्हती तेव्हा तो टिकवण्याचे काम लयीनेच केले. अंगाई ऐकणाऱ्या तान्ह्या बाळाला तर एकही शब्द कळत नसतो, आणि तरीही ते शांत होते. माणसाची कवितेशी पहिली भेट बहुधा तिथेच होते.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी मला थोडा विरोध नोंदवावासा वाटतो. वाक्प्रचार आणि म्हणी यांनाच कविता म्हटले, तर कवीने केलेल्या कामासाठी वेगळा शब्द उरत नाही. ‘घर खायला उठते’ असे म्हणताना आज कोणाच्या डोळ्यांसमोर भिंती उठत नाहीत, कारण वापरून वापरून ती प्रतिमा झिजली आहे. झिजलेल्या शब्दांना पुन्हा धार आणणे, हे कवितेचे काम आहे. शिवाय नवव्या शतकात आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ध्वनीला, म्हणजे न उच्चारता सूचित होणाऱ्या अर्थाला, काव्याचा आत्मा म्हटले. म्हणीला जे सांगायचे ते ती बहुधा सांगून मोकळी होते, आणि कविता मात्र पुष्कळसे वाचणाऱ्यावर सोपवते. आपण पाठवलेल्या ओळींत मृत्यूचा थेट उल्लेख होता का, हे जाणून घ्यायला आवडेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

नव्हता. वडिलांचाही नव्हता. संध्याकाळ झाल्यावरही दार लोटून न घेण्याविषयी त्या ओळी आहेत. आपला प्रश्न वाचून मी काल ती संपूर्ण कविता शोधून काढली. आमच्या पाठ्यपुस्तकात तिची पहिली दोनच कडवी होती.