तगरीवरची शिंगवाली हिरवी अळी

तगरीवरची ही शिंगवाली अळी डंख मारते, दिसली की फवारा मारा, असा सल्ला दिला जातो; त्याच्याशी मी अजिबात सहमत नाही. शेपटाकडचं ते शिंग मऊ असतं, त्यात ना काटा ना विष. ही कण्हेर पतंगाची, म्हणजे डॅफ्निस नेरीची अळी. कण्हेरीशिवाय तगर आणि सदाफुलीवरही वाढते. डिवचलं की डोकं आत ओढून घेते आणि पाठीवरचे दोन निळे गोल डोळ्यांसारखे वटारल्यागत दिसतात. बुलबुलालाही दचकवेल असं सोंग!

अळी अचानक तपकिरी झाली की रोग पडला असं अनेकांना वाटतं, पण तसं नसतं: तो रंग कोषात जाण्याआधीचा असतो. मग ती झाडावरून उतरते आणि खालच्या पाचोळ्यात कोष करते. आमच्या नागपुरात पावसाळ्यात तगरीवर ही हमखास दिसते, आणि नेमका तेव्हाच आपण अंगण झाडून पाचोळा जाळतो, कोषांसकट. मी तगरीखालचा पाचोळा आता हलवत नाही. उबदार हवेत साधारण दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर येतो: हिरव्या-गुलाबी नक्षीचा, पंख पसरले की जवळपास 10 सेंटीमीटर. उडायला इतका दमदार की आफ्रिकेकडून भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात पोचतो. पानं खाल्लेली तगर पुन्हा फुटते, थोडा धीर धरा. फारच झाल्या तर अळ्या हाताने उचलून दुसऱ्या कण्हेरीवर सोडा.