कापसाची गाठोडी उचलता येतात की!

'नसबंदीने पुरुषाची ताकद जाते, शेतीकाम होत नाही' असं वर लिहिलंय, म्हणून हा प्रतिसाद. मी पारोळ्याकडचा, दुसऱ्या मुलीनंतर बिनटाक्याची करून घेतली. भूल फक्त तेवढ्या जागेला, वीसेक मिनिटांत बाहेर. दोन दिवस घट्ट लंगोट लावून खाटेवर, आठवडाभर जड उचललं नाही. वेचणीला मात्र कापसाची गाठोडी मीच ट्रॉलीत टाकली.

कापतात ती फक्त बीज वाहून नेणारी नळी. ताकदीचं हार्मोन थेट रक्तात जातं, त्याला हातही लागत नाही. आणि हे कुणी नीट सांगत नाही: लगेच मोकळीक नाही! तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं.

खरा त्रास आईचा. 'तू कसाले करस रे?' म्हणत चार दिवस अबोला. म्हणजे सुनेचं पोट उघडलं तर चालतं! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. आणीबाणीतल्या सक्तीची भीती वडीलधाऱ्यांत अजून आहे, ते समजू शकतो. पण माझ्या वयाच्या मित्रांचं काय? तेही पारावर हसलेच. नंतर एकाने हळूच दवाखाना विचारला.