व्हिएतनामला एकटीने, कमी खर्चात: टूर घ्यावी की नको?

सायली: फेब्रुवारीत व्हिएतनामला एकटीने जायचा विचार पक्का आहे. हनोई, ह्वे, होई आन आणि दा नांगहून परत. घरचे टूरच्या मागे लागलेत. मला वाटतं, पहिल्या एकटीच्या परदेशवारीला हाच देश बरा. ई-व्हिसा घरबसल्या होतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत. हनोई-ह्वे रात्रीच्या रेल्वेने गेलं की एका रात्रीचं हॉटेल वाचतं. टूरचे जादा पैसे कशासाठी मोजायचे?

मंजिरी: मला हे पटत नाही. एकटीला स्वस्त पडतं कुठे? खोलीचं भाडं वाटून घ्यायला कोणी नाही, टॅक्सीचंही नाही. हा लाँग उपसागरातल्या मुक्कामी बोटीत तर एकट्या माणसाला केबिन महागच पडते. आमच्या ग्रुपमधल्या काकूंना रात्री उलट्या सुरू झाल्या, तेव्हा टूर मॅनेजर दवाखान्यात पहाटेपर्यंत थांबला, डॉक्टरांशी बोलला. तू एकटी असतीस तर कोणाला उठवलं असतंस?

ओंकार: मंजिरीताई, काळजी रास्त आहे, पण त्यावर उपाय प्रवासविमा. तोही वाचून घ्यायचा. तिथे सगळे भाड्याने स्कूटर घेतात, आणि खरा धोका तिथेच आहे. आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या आंतरराष्ट्रीय करारातलं, व्हिएतनाम १९६८च्या करारातलं मानतो. म्हणजे तुम्ही विनापरवाना. अपघात झाला तर विमा कंपनी सरळ हात वर करेल. होई आनमध्ये सायकल पुरते, बाकीकडे ग्रॅब, म्हणजे अ‍ॅपवरची टॅक्सी. भाडं आधीच दिसतं, नंबरप्लेट जुळली की बसायचं.

सायली, फेब्रुवारी मात्र बदल. त्यांचं नवं वर्ष, टेट, जानेवारीअखेर नाहीतर फेब्रुवारीत येतं. गाड्यांची तिकिटं संपतात, कितीतरी दुकानं, खानावळी बंद असतात. आणि २० हजार डाँगची नोट निळी, ५ लाखांचीही निळी. रात्री टॅक्सीत पैसे देताना शून्यं मोज.

सायली: मग मार्च. टूर तरीही नाही. ह्वेला जितके दिवस राहावंसं वाटेल तितके राहायचंय, आणि ते ग्रुपमध्ये जमत नाही.

मंजिरी: राहा की, पण रात्रीच्या गाडीचं काय? चार बर्थचा बंद डबा, बायका-पुरुष एकत्र, आतून कडी. हॉटेलच्या एका भाड्यासाठी मी माझ्या मुलीला त्यात बसू देणार नाही.

ओंकार: इथे मी ताईंच्या बाजूने. हनोई-ह्वे विमानाने जा, रेल्वेची हौस ह्वे-दा नांगला भागव, तीही दिवसा. हाय व्हान खिंडीत गाडी समुद्राच्या कडेने जाते, रात्री काय दिसणार?

सायली: विमान चालेल. जेवणाचं काय? मी शाकाहारी आहे.

मंजिरी: बौद्ध देवळांच्या आसपास शाकाहारी खानावळी सापडतात, पौर्णिमा-अमावास्येला तर जास्तच. इतर ठिकाणी भाजीतही माशाचा सॉस असतो, आधी विचार. आणि हनोईत दिवसाउजेडी उतरणारं विमान घे, दोन हजार जास्त गेले तरी. माझा विरोध अजून कायम आहे, पण एवढं तरी ऐक.