मदत हवी आहे : नखाखालचा ग्लोमस ट्यूमर (बारीक रक्तवाहिन्यांपाशी होणारी छोटी, बहुधा कर्करोगाची नसलेली पण खूप दुखणारी गाठ)

हुपरीच्या एका चांदी कारागीर ताईंच्या अनामिकेच्या नखाखाली निळसर ठिपका आहे. थंड पाण्यात हात घातला की कळ खांद्यापर्यंत जाते. टाचणीच्या डोक्याने दाबलं तर एकच बिंदू ठणकतो. दंडावर बीपीचा पट्टा फुगवून रक्तप्रवाह थांबवला की तीच कळ जाते. नखुरडं समजून दिलेल्या अँटिबायोटिक्सचा उपयोग झाला नाही, साहजिकच आहे. एक्स-रे स्वच्छ आहे, पण गाठीने हाडाला खळगा पाडेपर्यंत त्यात काही दिसत नाही.

कोल्हापुरात फक्त बोटाचा, बारीक कापांचा एमआरआय कुठे होतो? भिंगाखाली नख उचलून गाठ आवरणासकट काढणारे हॅण्ड सर्जन कोण आहेत? कण राहिला तर दुखणं परतून येतं. नखाखालची त्वचा बारीक विरघळणाऱ्या टाक्यांनी नीट जुळवली नाही, तर नख दुभंगून उगवतं. ताईंचं काम बोटांवरच आहे, कृपया अनुभवी नावं कळवा.